सुधारलेले बियाणे, सुधारलेला माणूस

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर मोडनिंब हे गाव आहे. पाऊस बेताचा, जमीन कोरडवाहू; पण बोरीचे झाड असल्या हवेला भीत नाही. म्हणून या भागात बोरीच्या बागा उभ्या राहिल्या आणि थंडीच्या दिवसांत मोडनिंबच्या बाजारात बोरांचे ढीग दिसू लागले. ही बोरे म्हणजे माळावरची रानबोरे नव्हेत. रानबोर लहान, आंबट आणि गरापेक्षा आठळीच मोठी असलेले. बागेतले उमराण जातीचे बोर टपोरे आणि गरदार असते.

हा फरक माणसाच्या कौशल्याने घडला आहे. गावठी बोरीचे रोप जोमाने वाढू देतात, त्याच्या खोडाची साल अलगद उकलतात आणि तीत उमराणाच्या फांदीवरचा एक डोळा बसवितात. यालाच डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटला की गावठी रोपाचा शेंडा छाटून टाकतात. मग मूळ राहते गावठी, आणि फळ येते उमराणाचे. या सुधारणेत कोणालाही वावगे वाटत नाही. उमराणाची बोर गावठी बोरीला हिणवीत नाही आणि गावठी बोर तिचा हेवा करीत नाही.

आज विज्ञानाने मात्र एक निराळाच प्रश्न उभा केला आहे. झाडाची जात सुधारता येते, तशी माणसाचीही सुधारावी काय? आणि ती सुधारणा मोल देऊन घ्यावी लागली, तर माणसामाणसांतील उच्चनीचता वाढणार नाही काय?

प्रश्न नीट समजण्यासाठी विज्ञानाने काय साधले आहे ते प्रथम पाहिले पाहिजे. प्रत्येक सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीच्या पोटात डी.एन.ए. नावाचा दुपदरी, पिळदार धागा असतो. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली या धाग्याची रचना उलगडली. शरीर कसे घडावे याच्या सूचना या धाग्यावर जणू अक्षरांत लिहिलेल्या असतात. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. आईबापांकडून मुलांकडे जी वैशिष्ट्ये येतात, ती या जनुकांच्या वाटेने येतात. माणसाच्या पेशीतील हा लेख सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आहे. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी तो वाचण्याचे काम १९९० साली हाती घेतले आणि २००३ साली बव्हंशी पूर्ण केले.

लेख वाचता आला, तेव्हा तो दुरुस्त करण्याची इच्छा होणे स्वाभाविकच होते. २०१२ साली एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना या दोन विदुषींनी जनुकाचा धागा हव्या त्या ठिकाणी कापण्याची एक सोपी रीत दाखवून दिली. तिला क्रिस्पर म्हणतात. या शोधाबद्दल २०२० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कात्रीचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो. पहिला प्रकार रोग बरा करण्याचा. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. जनुकातील केवळ एका अक्षराच्या फरकाने तांबड्या रक्तपेशी विळ्याप्रमाणे वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. रोग्याच्याच शरीरातील पेशी काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून त्या परत शरीरात घालण्याच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिका या देशांत मान्यता मिळाली. हा बदल त्या रोग्यापुरताच असतो. तो त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. जन्मापूर्वीच, भ्रूणाच्या अवस्थेत, जनुके बदलली तर तो बदल त्या मुलापुरता न राहता त्याच्या पुढील पिढ्यांतही जाऊ शकतो. २०१८ साली चीनमधील एका शास्त्रज्ञाने अशा रीतीने दोन जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचे जाहीर केले. जगभरातून त्याचा निषेध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. भारतातही माणसाच्या भ्रूणात असा बदल करून मूल जन्माला घालण्यास मनाई आहे. तथापि, जे आज निषिद्ध आहे त्याची उद्या कोणी मागणी करणार नाही, असे म्हणता येत नाही. आपले मूल अधिक उंच, अधिक बळकट, अधिक बुद्धिमान व्हावे असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? आणि मागणी असली की विकणारा पुढे येतोच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. उंची किंवा बुद्धी ही एखाद्या जनुकाची करामत नसते. उंचीवर हजारो जनुकांचा परिणाम होतो; शिवाय बालपणी पोटभर आणि सकस अन्न मिळाले की नाही, आजारपण किती आले, यांचाही होतो. बुद्धीची गोष्ट तर त्याहूनही गुंतागुंतीची आहे. म्हणून हवे तसे मूल घडवून देण्याची विद्या आज कोणापाशीही नाही. परंतु ती येण्याच्या आतच तिचा विचार करणे शहाणपणाचे आहे. घर पेटल्यावर विहीर खणणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

सुधारणेची फळे समाजात कशी वाटली जातात, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. मोडनिंबहून सोलापूरकडे जाताना वाटेत मोहोळ लागते. तेथील संशोधन केंद्रात शास्त्रज्ञांनी स्थानिक मालदांडी ज्वारीतून उत्तम कणसे निवडीत निवडीत मालदांडी ३५-१ हे वाण सिद्ध केले. जमिनीतील ओलीवर वाढणारी ही रब्बी ज्वारी कोरडवाहू शेतकऱ्याची फार मोठी सोबतीण ठरली. तिचे एक वैशिष्ट्य असे, की तिचे बियाणे शेतकऱ्याला घरीच राखता येते. खळ्यावरची चांगली कणसे बाजूला काढली, की पुढल्या सालाच्या पेरणीची निश्चिती झाली. शेजाऱ्याने पायलीभर मागितले, तर तेही देता येते.

पुढे १९६० नंतरच्या दशकात ज्वारीचे संकरित बियाणे आले. त्याने धान्याचे उत्पन्न वाढले आणि देशाची भूक भागविण्यास मोठा हातभार लागला, हे निर्विवाद आहे. पण संकरित पिकाचे बी घरी राखून चालत नाही. ते दरसाल विकत घ्यावे लागते. त्याला खत हवे, वेळेवर पाणी हवे, गाठीला पैसा हवा. ज्याच्या विहिरीला पाणी होते त्याची कोठारे भरली. ज्याच्या विहिरीला ते नव्हते तो मागे राहिला. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हाही हेच दिसून आले. पाणी पोचले तेथे ऊस डोलू लागला. जेथे पोचले नाही तेथे ज्वारी आणि बोर यांवरच भिस्त राहिली.

दोन्ही बियाणी विज्ञानानेच दिली. एकाने दुबळ्याला हात दिला. दुसऱ्याने, त्याच्या मनात नसतानाही, सबळाला अधिक सबळ केले. यावरून असे दिसते, की शोध समता आणील की विषमता वाढवील, हे शोधाच्या गुणावर जितके अवलंबून असते तितकेच तो कोणाच्या हाती आणि कोणत्या अटीवर पडतो यावरही अवलंबून असते.

याला आरोग्याच्या इतिहासातही पुष्टी मिळते. देवीच्या रोगाने एके काळी घरेच्या घरे ओस पाडली. त्यावरील लस भारतात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. लस घेणे म्हणजे निसर्गाने दिलेल्या शरीराला अधिक बळ देणेच होय. मग लसीने समाजात विषमता का वाढविली नाही? कारण पुढे ती सरकारने घरोघर आणि फुकट पोचविली. लस टोचणाऱ्याने जात विचारली नाही आणि पैसेही मागितले नाहीत. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो वाड्यातूनही गेला होता आणि झोपडीतूनही.

आता जनुकांच्या उपचाराची किंमत पाहावी. सिकलसेलवरील ज्या उपचाराचा वर उल्लेख केला, त्याचे अमेरिकेतील मोल २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये ठेवण्यात आले. ज्या वस्त्यांत हा आजार अधिक आढळतो, तेथील साऱ्या गावाने जन्मभर राबून साठविले तरी एवढी रक्कम जमावयाची नाही. भारतातील शास्त्रज्ञ हा उपचार स्वस्त करण्यासाठी झटत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु प्राण वाचविणारा उपचारही जेथे गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे, तेथे उंची आणि बुद्धी वाढविणारा उपाय निघालाच तर तो प्रथम कोणाच्या घरी जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यावर कोणी म्हणेल, "प्रत्येक नवी वस्तू आरंभी महागच असते. घड्याळ एके काळी श्रीमंताच्याच मनगटावर दिसे. आज ते सर्वांपाशी आहे. जनुकांचेही तसेच होईल." या म्हणण्यात तथ्य आहे; पण ते अपुरे आहे. कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी १९०६ साली सुरू झाली. ज्याच्यापाशी त्या वर्षी तिकिटाचे पैसे नव्हते, तो चार वर्षांनी पैसे जमवून तिच्यात बसू शकला. गाडीत उशिरा बसता येते. जन्म मात्र दुसऱ्यांदा घेता येत नाही. ज्या मुलांच्या जन्माच्या वेळी उपाय महाग होता, ती मुले उपाय स्वस्त झाला म्हणून परत पहिल्यापासून जन्मणार नाहीत. शिवाय कालचा उपाय गरिबापर्यंत पोचेतो श्रीमंताच्या घरी आजचा नवा उपाय आलेला असेल. असे पिढ्यान्पिढ्या चालले तर अंतर मिटण्याऐवजी वाढत जाईल.

दुसरा कोणी म्हणेल, "श्रीमंताचे मूल आजही चांगल्या शाळेत जाते, चांगले खाते. विषमता आहेच, तीत नवे ते काय?" हेही खरे आहे, आणि या विषमतेचा कोणी अभिमान बाळगू नये. पण विकत घेतलेली शिकवणी मुलाच्या रक्तात उतरत नाही. अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखादी मुलगी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करूनही महागड्या शाळेतील मुलाच्या पुढे जाऊ शकते, आणि तशी ती गेलेलीही आहे. संपत्ती आज या हातातून त्या हातात जाते. ती जन्मालाच बांधली गेली, तर ती जाण्याची वाट बंद होईल. पैशाची विषमता जन्माची विषमता बनेल.

जन्माने ठरणारी उच्चनीचता म्हणजे काय, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. मोडनिंबहून पंढरपूर जवळच आहे. तेथील मंदिराच्या नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याचा हा संत विठ्ठलाची भक्ती करीत जगला. पण त्याला मंदिराच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्याच्या भक्तीत काही उणे होते काय? नव्हते. त्याचा जन्म तेवढा अमक्या घरी झाला होता. त्याच्यानंतर सहाशे वर्षांनीही ती आडकाठी उभीच होती. ती दूर व्हावी म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते दहा दिवस चालले आणि अखेर विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयी जे भाषण लिहिले, त्यात जातीमुळे रक्त शुद्ध राहते आणि वंश सुधारतो हा दावा त्यांनी खोडून काढला. जातीजातींत गुणांची भिंत उभी करणारे कोणतेही जनुक कधी नव्हते. तरीही 'आम्ही जन्मानेच श्रेष्ठ' ही नुसती समजूत शतकानुशतके माणसांना विहिरीपासून, शाळेपासून आणि देवापासून दूर ठेवण्यास पुरेशी झाली. यातून मोठा बोध घेण्यासारखा आहे. उद्या जनुके बदलून जन्मलेली मुले खरोखर अधिक हुशार निघोत वा न निघोत. ती जन्मतःच श्रेष्ठ आहेत एवढी समजूत पसरली, तरी तेवढ्याने घात होईल. शाळेत, नोकरीत, लग्नात प्रथम जन्माचा दाखला पाहिला जाईल, आणि मोठ्या कष्टाने पाडलेली भिंत नव्या विटांनी पुन्हा उभी राहील.

आणखी एक प्रश्न उरतो. श्रेष्ठ कोणाला म्हणावे, हे ठरविणार कोण? इरावती कर्वे या थोर मानवशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास बर्लिन येथे शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण निराळी असते आणि तीतून त्याची अधिक बुद्धी दिसून येते, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी शंभराहून अधिक कवट्या मोजल्या. त्यांना वंशावंशांत तसा कोणताही फरक आढळला नाही, आणि परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, त्यांनी ते निर्भयपणे आपल्या प्रबंधात लिहिले. पुढे १९३३ नंतर त्याच देशात वंशशुद्धीच्या नावाखाली लक्षावधी लोकांचा छळ आणि संहार झाला. बागेत कोणती बोर ठेवावी आणि कोणती छाटावी हे माळी ठरवितो, कारण माळी बागेहून वेगळा असतो. माणसांच्या समाजात माळी आणि झाड दोन्ही माणसेच आहेत. तेथे एकाने दुसऱ्याचे मोल ठरवू पाहिले, की अन्यायाला आरंभ होतो.

निवडीचा अधिकार आईबापांच्या हाती दिला तर हा धोका टळेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तोही अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे. पोटातील बाळाची प्रकृती पाहण्यासाठी यंत्रे निघाली. त्यांचा उपयोग मूल मुलगा आहे की मुलगी हे जाणण्यासाठी होऊ लागला, आणि मुलगी नको म्हणणाऱ्यांच्या हाती एक शस्त्र आले. हे थांबविण्यासाठी कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ सालचा. देशाचा कायदा १९९४ साली झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ पर्यंत खाली आली. यंत्राला मुलामुलींत भेद नव्हता. भेद माणसांच्या मनात होता. जो भेद मनात असतो, तोच निवडीत उतरतो. ज्या समाजात गोऱ्या कातडीचे कौतुक आहे, तेथे जनुकांच्या बाजारातही प्रथम गोरेपणाचीच मागणी होईल.

मग हे ज्ञान टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणाऱ्या मुलाला 'ज्ञान धोक्याचे आहे' असे सांगून परत पाठविणे हे निर्दयपणाचे होईल. ज्ञान हवेच, त्याला क्रम आणि मर्यादा मात्र हवी. रोग बरा करण्याचा उपयोग आधी, आणि तो ज्याला गरज त्याला, देवीच्या लसीसारखा सर्वांच्या दारी पोचला पाहिजे. त्यासाठी सरकारने खर्च केला पाहिजे आणि शास्त्रज्ञांनी स्वस्त रीती शोधल्या पाहिजेत. जन्माचा वरचढपणा मात्र पैशाने विकला जाऊ नये. ही मर्यादा कायद्याने घातली पाहिजे, आणि कायद्यामागे लोकांचे मन उभे राहिले पाहिजे. कारण नुसता कायदा किती अपुरा पडतो हे वरील आकड्यांनी दाखविलेच आहे.

दरम्यान एक सुधारणा अशी आहे, की जिला कोणतीही कात्री लागत नाही. अंगणवाडीतील बालकाला सकस आहार, शाळेत दुपारचे गरम जेवण, पिण्याला स्वच्छ पाणी आणि जीव लावून शिकविणारा शिक्षक मिळाला, तर मुलांची उंचीही वाढते आणि बुद्धीही फुलते. या गोष्टी आज हाती आहेत आणि त्या सर्वांना देता येण्यासारख्या आहेत. त्या प्रत्येक मुलापर्यंत पोचल्या नसताना मूठभरांच्या मुलांची जनुके सुधारण्याची घाई करणे म्हणजे तहानलेले शिवार सोडून भरल्या विहिरीत पाणी ओतण्यासारखे आहे.

आज शाळेत बसलेल्या मुलामुलींपैकीच कोणी उद्या प्रयोगशाळेत जनुकांची कात्री हाती धरील, कोणी कायदे करील, कोणी डॉक्टर होईल. बियाणे सुधारण्याची विद्या त्यांना ग्रंथांतून मिळेल. ते बियाणे कोणाच्या ओटीत पडावे, हे मात्र त्यांना आपल्या न्यायबुद्धीलाच विचारावे लागेल.